आप्पांच्या पाठीची रिस्क

४ मार्च १९६३
आप्पांना हॉस्पिटलातून घरी, नुंगंबाक्कमला आणलं. मांडीचं हाड मोडलंय, आता अंथरुणातून उठायचं नाही. डॉक्टर म्हणाले, पडून पडून पाठीला जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदला, रोज पाठ बघा. धोका किती ते ओळखा: हलतात का, जेवतात का, शुद्धीवर आहेत का, अंथरूण ओलं होतं का. मला हसू आलं. जॉर्ज टाउनमधली गोदामं आगीच्या विम्यासाठी मीच तपासतो. दारात उभा राहून रिस्क सांगतो, आत जावं लागत नाही.

५ मार्च
रिस्क काढली.
हालचाल: उत्तम. नर्स कनका कूस बदलायला गेली, तिच्या मनगटावर आप्पांचा सोटा बसला. मी गेलो, तांब्या कानावर. कान अजून वाजतोय. ज्याचा हात असा चालतो तो अंथरुणाला खिळला कसा म्हणायचा?
भूक: रसमची वाटी भिंतीवर मारली. पण ताकद होती.
शुद्ध: शिव्या अस्सल तंजावरी. एक चुकली नाही.
अंथरूण: जवळ कोण जाणार?
एकूण रिस्क: नाही.

७ मार्च
कनका काम सोडून गेली. पाठ बघू देत नसाल तर मी जबाबदार नाही म्हणाली. मी सुनावलं, आमच्या घराण्यात पाठीवर जखम झालेला पुरुष नाही. पाठीवर जखम पळणाऱ्याला होते. आप्पांनी खाटेवरून मान डोलावली. बापलेकांचं बऱ्याच वर्षांनी एकमत झालं. ऊर भरून आला.

१० मार्च
खोलीत घाण वास. शेजारी सुकी मासळी तळत असणार. जाऊन अनंतकृष्ण अय्यरांची कॉलर धरली. त्यांनी छत्रीने डोळा सुजवला. घरी आल्यावर सरोजा म्हणाली, अय्यर कधीपासून मासळी खायला लागले? हे सुचलं नव्हतं. बायको असून आधी सांगू नये?

१२ मार्च
आप्पांना ताप. उन्हाळा सुरू झालाच आहे. सरोजा म्हणते, मामंजींची पाठ आज मी बघणारच. सुनेने सासऱ्याची पाठ बघायची? मीच बघणार. उद्या. नक्की.

१३ मार्च, सकाळ
प्लॅन तयार. डाव्या हातात उशी, ढालीसारखी. झोपेत गाठायचं, दोन्ही हात धरायचे, कुशीवर लोटायचं. बघता बघता होईल.

१३ मार्च, दुपार
झोपले नव्हते. एकच हात हाती लागला. दुसऱ्यात सोटा. पहिला फटका खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर, तिसरा नाकावर. उशी फाटली, खोलीभर कापूस, माझ्या सदऱ्यावर रक्त. मी दाराकडे वळलो. वळलो, एवढंच. तेवढ्यात सोटा फेकून मारला तो नेमका पाठीत. उंबऱ्यावर कोसळलो.

आप्पांनी माझ्या पाठीकडे बघितलं. मग रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, फार भीती वाटली.

"सरोजा," म्हणाले, "ह्याची पाठ बघ. मग माझी बघ."

माझ्या पाठीवर एक वळ. त्यांच्या माकडहाडापाशी मूठ मावेल एवढा काळा खड्डा. वास तिथला होता. किती दिवस दुखत होतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, घरी आल्यापासून.

१४ मार्च
डॉक्टरांनी सडलेलं मांस कापून काढलं. आप्पा ओरडले नाहीत. रिस्क कोणी काढली होती, असं डॉक्टरांनी विचारलं.

१६ मार्च
मी आणि सरोजा मिळून दर दोन तासांनी कूस बदलतो. सोटा मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवलाय. मी अगदी जवळ वाकतो, कान पुढे करतो.
आज दिवसभर उचलला नाही.
हालचाल: नाही.