बाणाच्या टोकाची खाट

कळंब, बुधवार, संध्याकाळ

मुलाने, प्रमोदने, नवा कॉम्प्युटर आमच्या खोलीत मांडला. लग्नाचे व्हिडिओ करताना जुना फार तापायचा, म्हणून हा पाण्यावर गार होणारा. पाण्यावरचा म्हटल्यावर मला कुलरच वाटला. हवा कुठून येणार, कुठे जाणार, त्याचा बाण त्याने खडूने फरशीवर काढला. मी लगेच माझी खाट बाणाच्या टोकाशी ओढली. बायकोची दाराशीच राहू दिली. वैशाखात गार वारा कोण सोडतो?

प्रमोद हसला. "बाबा, कुलर नाही हा. ट्रॅक्टरचा रेडिएटर गार हवा फेकते काय? सारी गरम हवा तुमच्याच आंगावर येईन."

"मंग फिरव ना त्याले."

"खिडकीकडूनच गार हवा घ्या लागते. खोली लहान, एक खाट तं बाणाच्या टोकाशी येईनच. कोनाची ठेवू?"

मी बाणाकडे पाहत राहिलो. मला आधीच धाप लागते, रात्री जीव घाबरतो, आणि... तोंडातून निघून गेलं, "तिचीच ठेव. तिले आता काय समजते?"

लकवा मारल्यापासून ती बोलत नाही. ऐकू येतं का? डॉक्टरला कधी विचारलंच नाही.

प्रमोदने खाटा बदलल्या आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला. मी ओला पंचा घेऊन गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं, त्या गरम हवेकडे.