पत्र्यावरची नजर

४ जानेवारी
नळदुर्गला पोचलो. गावाकडं, ईटला, मन लागत नव्हतं, पुण्याची दोन कामं सोडली, पण इथं आल्या आल्या बरं वाटलं. हायवेला ट्रक रंगवायचं दुकान आहे. उस्ताद सिद्धाराम मामा. शाळा किती विचारलं. सातवी म्हणलो. म्हणले, मोर काढायला तेवढी पुरं.

६ जानेवारी
मागच्या भिंतीला एक मोठा पत्रा आहे. उरलेला रंग ज्यानं त्यानं त्यावर ओढलाय. अर्धा मोर, चाक, हिरव्या बांगड्यांचा हात, निळा फराटा, मधे बाईचा चेहरा. डोळे कोरे. ड्रायव्हर लोक जेवताना अर्थ लावत बसतात. एक म्हणतो, चाक बघा, हा अपघात आहे. भाकरी आणणाऱ्या इरम्मा मावशी म्हणतात, हात बघा, ती लेकाला बोलावतीय. मला वाटलं, आंधळी आहे, एवढं निळं दिसत नाही म्हणून उदास. मामा म्हणले, "अर्थ काय बी लाव. डोळे भरू नको. डोळे शेवटाला, नारळ फोडून, मालकाच्या नावानं भरायचे असत्यात. हिला मालक न्हाय."

९ जानेवारी
मामा सोलापूरला रंग आणायला गेलेत. ब्रशला काळा उरला होता. भरले डोळे. नारळाचं ध्यानातच आलं नाही. उदासपणा पार गेला. काहीतरी सापडल्यासारखी दिसतीय.

१० जानेवारी
डाव्या डोळ्यापुढं धूर. रंग पातळ करायचं टर्पन डोळ्यात गेलं असंल. इरम्मा मावशी आज पत्र्याकडं पाठ करून बसल्या. म्हणल्या, आता बोलावत न्हाय ती, बघतीय.

११ जानेवारी
उजवा डोळा झाकून बघितलं. डाव्यानं दुकान दिसलं, पण उंचावरनं. खाली एक पोरगा, एक डोळा झाकलेला. शर्ट माझाच —

१२ जानेवारी
उजवा पण गेला. वही दिसतीय ती पत्र्यावरनं. माझा हात लांबवर, बारका दिसतोय. तोंड उघडतो, आवाज नाही.
मामा आले. पत्रा बघून खाली बसले. म्हणले, "पोरा, भिऊ नको. डोळे पुसून टाकतो, सुटशील."
नाही, मामा. मोठ्या अक्षरात लिहितोय, वाचा —
टर्पनचा बोळा घेतला. माझ्याजवळनं गेले. वहीकडं बघेनात. समोर आले. तोंड केवढं मोठं —
मामा पुसू नका मी तिथनंच बघ