तीन हिवाळ्यांचा पत्ता

आष्टी, दि. ९ ऑगस्ट

मुकादमकुलभूषण, माजलगावनिवासी, बालमित्र बद्रीनाथराव यांस संजय मास्तरांचा सविनय जय भीम.

आपल्या उजव्या गुडघ्याने गेल्या पावसाळ्यात जो असहकार पुकारला होता, तो केशरबाई वहिनींच्या तेलमर्दनाने मागे घेतला असेल, अशी आशा करतो. इकडे आमचे सर्व अवयव आज्ञाधारक असून केवळ बुद्धीने दगा दिला आहे. तो वृत्तांत सादर करण्यास्तव हा पत्रप्रपंच.

आमच्या शहादेवदादाची पौर्णिमा (जी आपल्या ऊसतोड टोळीच्या बैलगाडीत, भांड्यांच्या गाठोड्यावर बसून पाढे म्हणत असे) मृत्तिकाशास्त्राच्या उच्च अध्ययनार्थ कॅनडास जाऊ इच्छिते. विद्यापीठाने प्रवेश दिला, उरला व्हिसा. तेव्हा मी, संस्कृताचा शिक्षक या नात्याने, त्या राष्ट्राच्या प्रवेशविषयक कायद्यांचा इतिहास साद्यंत वाचून काढला. (तिने मला फक्त अर्ज भरायला सांगितले होते.) १९०८ साली त्यांनी असा नियम केला की, परकीयाने मायदेशातून निघून मध्ये कुठेही न थांबता, एकसलग प्रवास करूनच यावे. हिंदुस्थानातून तसे जहाजच मिळत नसे. म्हणजे, आष्टीहून लिंबागणेशास एकदाही एसटी न बदलता या, दार उघडेच आहे, असे म्हणण्यासारखे. १९१४ मध्ये आपल्या लोकांचे एक अख्खे जहाज दोन महिने बंदरात तिष्ठत ठेवून बहुतेकांना परत धाडले. ते वाचले त्या दिवशी मी एक भाकरी कमी खाल्ली. परंतु पुढे त्यांनी वंश पाहणे सोडले आणि १९६७ पासून शिक्षण, भाषा, कौशल्य यांना चक्क गुण देण्यास आरंभ केला. जे राष्ट्र आपलीच उत्तरपत्रिका पुन्हा तपासते, त्याच्याविषयी मास्तराला ममत्व वाटणारच.

एवढ्या विद्वत्तेच्या भारासह मी अर्जाला बसलो आणि सर्वांत सोप्या रकान्यात आपटलो. गेल्या दहा वर्षांतील सर्व निवासस्थाने, एका महिन्याचीही फट न ठेवता. मी एका ओळीत ‘आष्टी’ लिहून मोकळा झालो. तिकडून पृच्छा आली: सातवी ते नववीचे दाखले कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यावरील शाळेचे कसे? पत्ता लपवला काय? समाधान न झाल्यास अर्ज फेटाळू. दादाला विचारले तर म्हणतो, “आमी फडावर कामाला गेलतो, राहायला न्हाई.” तत्त्वतः हे निर्विवाद आहे. आपल्याकडे माणूस सहा महिने उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपडीत, म्हणजे कोपीत, काढतो, तरी राहतो गावीच. हा सिद्धान्त मी अकरा पृष्ठांत मांडला आणि प्रारंभी त्यांच्या कायद्यांचा इतिहास जोडला. पौर्णिमा म्हणाली, “काका, त्यांचाच इतिहास त्यांना कशाला सांगायलात? लई झालं.”

शिवाय पुरावा हवा. भाडेकरार, वीजबिल, असे काही. कोपीला घर क्रमांक नसतो, आणि त्यातल्या एकीचे छप्पर तर हंगाम संपण्यापूर्वी बैलांनी खाल्ले होते. तरीही मन प्रसन्न आहे. पौर्णिमाच्या आईने, वनितावहिनींनी, लोणचे आधीच भरून ठेवले आहे (परवानगी येण्यापूर्वी मुरावे म्हणून), आणि पोरगी तिथल्या मातीचे नकाशे पाहत बसते.

केशरबाई वहिनींस नमस्कार. गुडघ्यास शुभेच्छा.

आपला,
संजय

ता. क. मुकादम म्हणून आपण एका कागदावर एवढेच लिहून द्यावे: ही मुलगी ते तीन हंगाम माझ्या टोळीबरोबर अमुक कारखान्यावर कोपीत राहत होती. खाली सही. मुदत शुक्रवारी संपते. हे सर्वांत वर लिहायला हवे होते.

ता. क. दुसरा. माझी अकरा पृष्ठे बाजूला ठेवून पौर्णिमाने स्वतः चार वाक्ये लिहिली आहेत: ‘माझे आईवडील ऊस तोडतात. तीन हंगाम मी त्यांच्याबरोबर कोपीत राहिले आणि तिथल्याच शाळेत शिकले. काकांना ते लिहायची लाज वाटली. मला वाटत नाही.’ तपासायला माझ्याकडेच दिली होती. लाल पेनाचे टोपण काढावे लागले नाही.