माझ्या वाटचं चालणं

२ ऑगस्ट
आलो एकदाचे! नवऱ्याची बदली झाली तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि इथे पाऊल टाकल्यापासून मीच सगळ्यात जास्त नाचतेय. म्हणजे सहाव्या महिन्यात नाचता येईल तेवढं. चौथा मजला, लिफ्ट आहे, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. खिडकीतून समोरचं मैदान दिसतं आणि त्याला लागूनच दवाखाना. कळा सुरू झाल्या तर चालतही जाता येईल, असं नवरा म्हणाला. जा की तूच, असं मी म्हणाले.

४ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तदाब काठावर आहे, साखरही. घाबरण्यासारखं काही नाही, पण रोज चालायचं. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. त्यानं दोन्ही आटोक्यात राहायला मदत होते, बाळ बेतानं वाढतं, आईला झोपही लागते. इथली पद्धत अशी की दवाखान्यात नाव घातलेल्या सगळ्या पोटुशा बायका सकाळी मैदानावर एकत्र चालतात, आणि एक थोराड नर्स गळ्यात शिट्टी अडकवून पुढे असते. सगळ्या तिला शिट्टीबाई म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. आईचा फोन आला होता, दोन जिवांची आहेस, पाय वर करून बस म्हणाली. मी दोघींनाही हो म्हटलं.

५ ऑगस्ट
लिहू की नको? पहिल्याच फेरीत कुणीतरी विनोद केला, मी खळखळून हसले, आणि झालं. थोडीशीच, पण पँट भिजली. मागच्या बाईनं पाहिलं असणार. एवढी घोडी झाले आणि लघवी आवरता येत नाही. चक्कर आल्याचं सांगून पळत सुटले. नवऱ्यानं विचारलं कसं झालं, तर म्हटलं मस्त. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१२ ऑगस्ट
रोज सकाळी बूट घालून निघते आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन बसते. तिथे पाण्याची टाकी आहे, कुणाची तरी मोडकी सायकल आहे. थोड्या वेळानं तोंडावर पाणी मारायचं आणि धापा टाकत घरी यायचं. नवरा कौतुकानं पंखा लावून देतो. आत बाळ लाथा मारतं. त्याला कुठे फसवणार?

२० ऑगस्ट
गंमतच झाली. खालच्या मजल्यावरची शिक्षिका लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, रोज पाहते तुम्हाला मैदानावर, काय छान चालता हो. दुसऱ्याच कुणाला तरी मी समजली असेल. मी नुसती हसले. आयत्या बिळावर नागोबा! चालावं कुणी आणि शाबासकी मला.

३ सप्टेंबर
आज नवऱ्यानंही पाहिलं. ऑफिसला जाताना त्यानं हात केला, पण माझं लक्षच नव्हतं म्हणे, बाळाशी बोलत चालले होते. निळा ढगळ टॉप होता अंगात. निळाच टॉप घालून मी जिन्यात बसले होते. नवरा बायकोला ओळखत नाही असं कसं म्हणू? आणि मग तू होतीस कुठे, असं त्यानं विचारलं तर?

१५ सप्टेंबर
शिट्टीबाई घरी आल्या होत्या. जाता जाता माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशीचं तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस गं. कितीतरी जणींना होतं तसं. आता मी शिकवलेल्या आवळून धरायच्या व्यायामानं फरक पडतोय ना?"
मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. जे दोन शब्द तोंडातून निघेनात म्हणून मी इतके दिवस तोंड लपवून बसले, ते कुणीतरी जाऊन सरळ सांगून आलं. भीती वाटली, पण खरं लिहायचं तर आधी लाज वाटली. माझ्यापेक्षा तिच्यात धीर आहे.

२८ सप्टेंबर
नवरा फोनवर माझ्या आईला सांगत होता. आज दोघं तपासणीला जाऊन आलो, रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, बाळ झकास. मी सबंध सकाळ जिन्यात होते. तपासणी आहे हेच विसरले होते. टॉप आणखी ढगळ झालाय. बाळ कालपासून हललं नाही.

९ ऑक्टोबर
सांगायला हवं. पण हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. बूट, खोट्या धापा, तोंडावरचं पाणी. जीभच उचलत नाही. उद्या सांगेन.

१० ऑक्टोबर
उद्या.

१७ ऑक्टोबर
मैदानावर गेले. ती समोरून आली. माझेच बूट, पण तळवे झिजलेले. माझे कोरे करकरीत. पोट — माझं पोट — तिच्याकडे. त्यावर एक हात. मला पाहून थांबली. रागावली नाही. माझ्यासाठी लाजल्यासारखी मान खाली घातली. आणि मी बाजूला होऊन तिला वाट दिली. का दिली मी —

२ नोव्हेंबर
घरात दोघं जेवतात. मी जिन्यात. नवरा टाकी बघायला वर आला. मला ओलांडून गेला. हाक मारली असती, पण कुठल्या तोंडानं —

५ नोव्हेंबर
तिला कळा सुरू झाल्या. नवरा तिला सांभाळत लिफ्टमध्ये शिरला. मी जिन्यानं धावले. धाप नाही. पोटात काही नाही. नुसती रिकामी —
दवाखान्याच्या बाकावर आहे. आत रडलं. माझं आहे ते. माझंच.
शिट्टीबाई दारात. ओळखलं नाही मला. बाळाच्या कोण तुम्ही, म्हणतात. थांबल्यात. आता तरी बोल. खड्ड्यात गेली लाज, बोल ना गं. सांग, मी त्याची —