मागची खोली, काठी आणि ती सायकल

हो हो, आहे मी शुद्धीवर. वकीलसाहेब, तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय. एकदा तुमचंही डोकं तपासून घ्या. उद्या माझ्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. म्हणून आजच लिहा, आणि मी बोलते तसंच लिहा. खाली सही करणारी मी, वय पंचाहत्तर, नवरा वारलेला, शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर. कुणाच्या दबावाखाली नाही, फक्त रागाच्या भरात, माझ्यामागे काय कुणाचं ते सांगते.

कलम एक. घराची पुढची बाजू मुलाची. तिथे तो पाय पसरून टीव्ही बघतो, म्हणजे कब्जा आधीपासून त्याचाच आहे.

कलम दोन. मागची खोली सुनेची, एकटीची. सून शाळेत खेळ शिकवते आणि चार वर्षं डॉक्टरेट करतेय. म्हाताऱ्या बायकांना पडायची भीती का वाटते, आणि व्यायामाने ती जाते का, हा तिचा विषय. शिक्षणवाले म्हणाले, हे आरोग्याचं काम. आरोग्यवाले म्हणाले, भीती आहे ना, मग मानसशास्त्राकडे जा. त्यांनी धाडलं खेळाच्या विभागात. लग्नाच्या मुलीलासुद्धा इतकी घरं दाखवत नाहीत. शेवटी एक गाईड मिळाले, आणि आम्ही गल्लीतल्या बायका त्या खोलीत एका पायावर उभ्या राहायला लागलो.

मुलगा म्हणाला, "आई, बगळ्यांची शाळा काढलीय का?"

मी म्हटलं, "हो, ये ना तू पण. मासा कमी पडतोय."

त्याला ती खोली भाड्याने द्यायचीय, मला काय कळत नाही? बायकोला म्हणतो, "पुरे झालं आता. नावाआधी डॉक्टर लावून कुणाला इंजेक्शन देणारेस?" अरे, तुझी आई मोरीपर्यंत भिंत धरून जायची. ती भिंत सुटली, ते तुला दिसलं नाही. भाडं तेवढं दिसलं. खोलीला तुझा हात लागायचा नाही.

कलम तीन. माझ्या सोन्याच्या बांगड्या मोडून सुनेने प्रबंध छापून घ्यावा. पुठ्ठा जाड घालावा. गाईडच्या टेबलावर आपटला की आवाज आला पाहिजे.

कलम चार. गाईडसाहेबांना माझी काठी. मला ती लागेनाशी झाली होती. त्यांना लागेल, कणा नाही ना त्यांना.

का, ते पण लिहा. सून दर सोमवारी विचारते, "कुणी पडलं का?" आपल्या आपण तोल गेला तर ते पडणं धरायचं. कुणी ढकललं, अंगावर काही कोसळलं, तर नाही धरायचं. असा नियम आहे त्यांच्यात. आमच्यातली शिवणवाली पडली, फुलवाली पडली. दोघींनी खरं सांगितलं. शिवणवालीला मी झापलं पण, "बये, जीभ आवरली नाही का तुला?" तर गाईड सुनेला म्हणाले, "त्या दोघी मधेच सोडून गेल्या असं दाखवा. निकाल चकाचक दिसेल. मग लगेच सही करतो."

सून म्हणाली, "सर, सोडून कुठे गेल्या? सोमवारी माझ्यासमोर बसल्या होत्या."

तेव्हापासून सही अडली. आणि पोर गुपचूप रडते, मला ऐकू येतं. पडलेली बाई म्हणजे काय फळ्यावरची चूक आहे, पुसून टाकायला? जित्याजागत्या बाईला खोडतो मेला, आणि वर स्वतःला शिकलेला म्हणवतो! लिहा, खोटारडा. काय म्हणता, मृत्युपत्रात असा शब्द चालत नाही? मग दोनदा लिहा.

कलम पाच. बायकोच्या फीला पैसे नाहीत म्हणणाऱ्या माझ्या लेकाने शर्यतीची महागडी सायकल घेतली. एकदा चौकापर्यंत गेला, धापा टाकत परत आला. तेव्हापासून ती बोळात भिंतीला टेकून उभी. तीच माझ्या अंगावर पडली आणि हाड मोडलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ती त्याच्या डोळ्यांदेखत भंगारात द्यावी.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे.

सही: माझी, माझ्या हाताने, वाकडी आली तरी माझीच.
साक्षीदार: शिवणवाली (पडलेली, पण सोडून न गेलेली).
साक्षीदार: ह्या वॉर्डातली नर्स.
ठिकाण: हॉस्पिटल, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, वकिलांनी आकड्यात घालावी.

साहेब, पेन झाकू नका. शिवणवाले, बस परत. नर्सबाई, तुम्हीपण थांबा. ह्याच्याखालीही सह्या लागतील.

आत्ता मुलगा पाणी घेऊन आला होता ना, ऐकलंत तुम्ही. "आई, सायकल मीच मोडून टाकतो, पण बोल गं माझ्याशी." चार दिवस धड जेवला नाहीये गाढव.

कलम पाच खोडा. सायकल त्याचीच. खोली मात्र सुनेचीच, त्यात बदल नाही. काठी गाईडलाच.

आणि सुनेला एवढं वाचून दाखवा. बाई गं, सायकल जागच्या जागी उभी होती. तू शिकवलंस तसं मी भिंत न धरता, एक पाय वर करून चप्पल घालत होते. तोल गेला. आपल्या आपण. तिसरी बाई पडली म्हटल्यावर तुझी सही कायमची गेली, असं वाटलं, म्हणून आडव्या पडल्या पडल्या मी हात लांब करून सायकल अंगावर ओढून घेतली. त्या गाईडने दोघींना खोडायला सांगितलं, मी तिसरीला खोडलं.

मी पडले गं. मोज मला.