मिठागरावरचा आपला लेख

नवीन पनवेल,
१ मार्च १९९४

प्रिय गुरुदत्त,

शनिवार, १२ फेब्रुवारी, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. पनवेलच्या सभागृहात तुझी विद्यार्थिनी अनुया व्यासपीठावरून म्हणाली की मिठागर कामगारांच्या पायांच्या जखमांवर आपल्याकडे आजवर कुणीच लिहिलेलं नाही, कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं आहे. अध्यक्षांच्या खुर्चीत तू होतास. तू मान डोलावलीस. निवृत्त ग्रंथपाल म्हणून बोलावलेली मी चौथ्या रांगेत बसून ते पाहत होते.

पोरीवर माझा राग नाही. चहाच्या वेळी विचारलं तर कळलं, एकच इंग्रजी शब्द घालून तिने शोध संपवला होता. मी म्हटलं, बाई गं, डॉक्टर त्याला व्रण म्हणतात, सरकारी अहवाल व्यवसायजन्य त्वचारोग म्हणतात; सगळ्या नावांनी हाका मार. एक लेख सापडला की त्याच्या शेवटचे संदर्भ बघ आणि तिथून मागे मागे जा. शिवाय तुझं ते यंत्र सहासष्ट सालाआधीचं काही जाणत नाही. त्यासाठी वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचे जाड खंडच उघडावे लागतात. तिने लिहून घेतलं. हे तिला तू शिकवायला हवं होतंस. तुला मी शिकवलं होतं.

याच जखमांवरचा आपला लेख त्रेसष्टचा.

तो अख्खा हिवाळा आपण उरणच्या मिठागरांवर काढला. तू पाय तपासायचास, मी नोंदी घ्यायचे. तिथली गोदू आठवते? एकदा तुझं लक्ष उडालेलं पाहून म्हणाली, "डागतर, पाय आमचं बगता का बाईचं?" बाया हसून लोटपोट, आणि तुझी कानशिलं लाल. संध्याकाळी ग्रंथालयात एकाच खंडावर वाकून आपण संदर्भ शोधायचो. पान उलटायला तू उगाच उशीर लावायचास. मला वाटायचं, हवा तो लेख आज सापडूच नये, म्हणजे उद्याही बसता येईल. मग तू विलायतेला गेलास आणि परतलास तो लग्न करून. मी काही विचारलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला न विचारण्याचंच वळण लावलं होतं.

परवा मुंबईला जाऊन मी तो अंक काढून पाहिला. लेख आहे जागेवर. तुझ्या नावाखाली माझं. आपली नावं एकत्र दुसरीकडे कुठेच छापली गेली नाहीत, लग्नपत्रिकेवर तर नाहीच.

अनुयाचा निबंध मार्चअखेर छपाईला जातो. लेखाची प्रत तिला मीच पाठवली असती, पण मुद्दाम पाठवलेली नाही. ती तू दे. त्यासाठी मात्र हे पत्र नाही. मला एवढंच कळायला हवं आहे की त्या दुपारी तू विसरला होतास, की आठवत असून गप्प बसलास. पहिल्या रांगेत तुझी बायको होती, म्हणून गप्प राहिला असशील तर मी समजून घेईन, किंबहुना त्यावर उरलेले दिवस सुखाने काढेन. विसरला असशील तर तसं स्वच्छ लिही. फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलून वेळ मारून नेतोस. पंचवीस मार्चच्या आत, तुझ्या हस्ताक्षरात, लेखी उत्तर हवं.

तुझीच,
पद्मजा