मी ‘समाधानकारक’ लिहिलं होतं

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आज अकोल्याहून अमरावतीला परत येताना बसमध्ये सगळा रस्ता मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होते, तर म्हटलं लिहूनच काढावं.

मी आता शिकवत नाही. आमच्या संस्थेत नियम आहे, की नुकत्याच बी.एड. होऊन आलेल्या शिक्षकांना पहिलं वर्षभर शाळेनंच तयार करायचं. जुन्या शिक्षकांनी त्यांचे तास बघायचे, सोबत बसून पाठ काढायचे, कुठे चुकलं ते सांगायचं. हे खरंच होतं का, ते शाळाशाळांत जाऊन तपासायचं काम माझ्याकडे आहे. आपल्या बार्शीटाकळीच्या शाळेत असा नियम नव्हता, फाइल तर नव्हतीच. तुम्ही होतात. मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता आणि सातवीच्या गणिताच्या तासाला तुम्ही न विचारता आत येऊन बसलात. मी सुरेख अक्षरात फळा भरून टाकला. घंटा झाल्यावर व्हरांड्यात म्हणालात, “तू फळ्यासंग बोलून राहिली होती. लेकरायसंग कोन बोलीन?” मी रडले, तुम्ही रडू दिलंत. त्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मला घरी नेलंत. तुमचं स्वयंपाकघर अजून दिसतं मला. तुम्ही अंबाडीची भाजी निवडता आहात, अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवता आणि विचारता, “सांग आता, या हप्त्यात कोनतं लेकरू तुले समजलं नाई?” कोणता पाठ जमला नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. वर्षभर दर शनिवारी तोच प्रश्न. पानं खुडता खुडता मी शिकवायला शिकले.

आणि एवढं शिकून मी काय केलं, ते सांगते. गेल्या वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या शाळेत तपासणीला गेले. मुख्याध्यापक माझ्याच बी.एड.च्या वर्गातले. फाइल चोख होती, दर महिन्याचे फॉर्म, सह्या, सगळं. आम्ही जुन्या गप्पा मारल्या, चहा-कचोरी झाली आणि मी एकाही वर्गात न डोकावता ‘समाधानकारक’ लिहून निघाले. यंदा पुन्हा गेले तेव्हा कळलं, ती फाइल ज्यांची होती, ते तरुण विज्ञान शिक्षक वर्ष संपायच्या आतच नोकरी सोडून गेले. “नाई जमलं त्याले,” मुख्याध्यापक एवढंच म्हणाले.

यंदा नवीन आलेली मुलगी गणिताची. घरचे परतवाड्याजवळ भाजीपाला पिकवतात, घरात शिक्षिका झालेली ही पहिलीच. तिची फाइल उघडली, तर पोळ्याच्या दिवशीही तिचा तास पाहिल्याची नोंद. पोळ्याला शाळा असते का, बाई? मी तिला प्रयोगशाळेत बाजूला घेतलं.

“माह्या वर्गात कोनीच नाई आलं, मॅडम,” ती म्हणाली. “हेडसर म्हणे सही कर, म्या केली.” मग पर्सच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, “मले शिकवता येतच नाई वाटते. राजीनामा लिहून ठेवला आहे.”

येतं की नाही, हे मी तरी कशाच्या जोरावर सांगणार होते? म्हणून पुढच्या तासाला तिच्या वर्गात जाऊन बसले. ती घाई करत होती, आवाज बसला होता. पण अपूर्णांक सांगताना मध्येच थांबली, तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे गेली आणि म्हणाली, “तुले नाई समजलं न? थांब, दुसऱ्या रीतीनं करू.” त्या मुलीनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. बाई, हिला येत होतं. मी तासानंतर तिला तसं सांगितलं, आणि राजीनामा दोन महिने पर्समध्येच ठेव म्हटलं.

मुख्याध्यापक चिडले. “काहून एवढं ताणून राहिल्या तुमी? एका शब्दाचा तर प्रश्न आहे. माह्याकडं शिक्षक कमी, कोनाले बसवू तिच्या वर्गात?” त्यांचंही खोटं नव्हतं. मी अहवालात ‘असमाधानकारक’ लिहिलं. त्या नव्या शिक्षिकेच्या बोलण्याचा उल्लेख कुठेच येऊ दिला नाही, पोळ्याची नोंद पुरेशी होती. जुन्या शिक्षकांना एकही तास मोकळा नाही, हेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की गेल्या वर्षीचा माझा शेरा वर्ग न पाहता दिलेला होता. तो कागद पाठवल्यावर तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. मग संस्थेच्या अध्यक्षांचं बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणाले, “स्वतःची चूक तुम्हीच लिहिली, म्हणून बाकीचं खरं वाटलं.” शाळेला एक अर्धवेळ शिक्षक मिळाला आणि गणिताच्या जुन्या सरांना या मुलीसाठी आठवड्यातून दोन तास मोकळे.

आज मी पुन्हा जाऊन आले. फॉर्म आता मळके आहेत, दोघांच्या हस्ताक्षरांतले, खाडाखोड केलेले. स्टाफरूममध्ये शिरले तर ती त्या सरांशी वाद घालत होती: “नाई सर, तुमच्या रीतीनं लेकरं गोंधळतात!” सर हसत होते. राजीनाम्याचं विचारलं, तर म्हणाली, “त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पाठ काढला, मॅडम.” मुख्याध्यापक फाटकापर्यंत सोडायला आले. जरा तुटकच होते, पण म्हणाले, “बरं झालं लिहिलं. मी शिक्षक मांगून मांगून थकलो होतो.” बसमध्ये बसले आणि कितीतरी महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सगळं नाही उतरलं. त्या विज्ञान शिक्षकांना मी अजून फोन केलेला नाही. या आठवड्यात करीन.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात. वहीतच राहील, म्हणूनच लिहायला धजते. त्या पहिल्या वर्षी तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर होतात ना, ते आठही दिवस, माझ्या तासाला कोणी येऊन बसणार नाही म्हणून, मी गाणं गुणगुणत शाळेत येत होते.